नव्वद दिवसांचं पॅकेज की घराजवळची ओपीडी?

ताई, शनिवारपर्यंत ५० हजार भरून बेड पक्का करा, असं पुण्याच्या त्या पुनर्वसन केंद्राने तुम्हाला सांगितलंय. उत्तर आधीच देऊन टाकतो: या शनिवारी भरू नका. आणि पतींना राजीनाम्याच्या कागदावर तर मुळीच सही करू देऊ नका. कारणं खाली सांगतो.

इतर वाचकांसाठी प्रश्न थोडक्यात असा. ताई नाशिकच्या, घरी शिकवण्या घेतात. त्यांचे पती ५४ वर्षांचे, सातपूर एमआयडीसीतल्या कंपनीत २१ वर्षं नोकरी. पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात-पाय गेला, बोलताना शब्द सापडत नाहीत. रुग्णालयाचं बिल ४ लाख ८० हजार. कंपनीच्या ७ लाखांच्या ग्रुप पॉलिसीतून ४ लाख ३५ हजार मंजूर झाले. घरी येऊन २६ दिवस झालेत. आता ते आधाराने पलंगाच्या कडेला बसतात, एकाने धरलं तर उभे राहतात, तोंडाने जेवतात. पुण्याचं केंद्र ९० दिवस निवासी उपचारांचे ३ लाख ९० हजार मागतंय, सगळे आगाऊ. त्यासाठी ६ लाखांची एफडी मोडावी, की सात तोळे सोनं विकावं? कंपनीत कुणीतरी सुचवलंय, राजीनामा द्या, पीएफ आणि ग्रॅच्युइटी एकदम हातात येईल. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. गृहकर्जाचा हप्ता १७,५००.

ताईंनी चौकशी मात्र चांगली केली आहे. शेजारच्यांचे सासरे त्याच पुण्याच्या केंद्रातून दोन महिन्यांत चालत बाहेर आले. ओळखीतल्या एका बाईंच्या नवऱ्याला तीन महिने ठेवून फरक पडला नाही. वर तिसऱ्या महिन्यात थेरपिस्टच बदलला. कॉलेज रोडकडच्या ओपीडीबद्दल कुणी म्हणालं, “शेक देतात, करंट देतात, वीस मिनिटांत पुढचा पेशंट.” आणि सासूबाईंचा आग्रह आहे तो राजस्थानातल्या बुटाटी धामचा, तिथे सात दिवस राहून परिक्रमा करायच्या.

यातला एकही अनुभव मी खोटा म्हणणार नाही. पण “फरक पडला का?” या प्रश्नाच्या उत्तरावर पैसे लावू नयेत. मेंदूचा किती भाग गेला, कोणत्या बाजूचा गेला, वय काय, साखर किती, यावर सुधारणा इतकी अवलंबून असते की शेजारचे सासरे कदाचित घरी राहूनही चालले असते. शिवाय पहिल्या तीन महिन्यांत शरीर आपणहून बरंच सावरतं, आणि त्याचं श्रेय त्या काळात आपण जिथे असू त्या जागेला जातं. म्हणून त्याच माणसांना पुन्हा फोन करा आणि वेगळं विचारा. थेरपिस्ट ठरल्या वेळेला यायचा का, आणि रोज तोच यायचा का? एकट्या पेशंटला किती मिनिटं मिळायची आणि गटात किती? डायपर, औषधं, कपडे धुणं, रात्रीची आया याचं वेगळं बिल लागलं का? मधेच सोडलं तर पैसे परत मिळाले का? या प्रश्नांची उत्तरं पेशंटच्या नशिबावर अवलंबून नसतात, त्यामुळे ती तुमच्या कामाची आहेत.

आता आकडे. केंद्राच्या माहितीपत्रकात आठवड्याचे सहा दिवस, रोज दोन तास थेरपी लिहिलेली आहे. तेरा आठवड्यांचे झाले १५६ तास, म्हणजे तासाला २,५०० रुपये. अर्थात त्यात राहणं, जेवण आणि नर्सिंग धरलेलं आहे. पण त्या दोन तासांतला एक गटात जात असेल, तर खऱ्या एकास-एक तासाची किंमत ५,००० होते.

नाशिकचा हिशेब तुम्हीच पाठवलेल्या दरांवरून मांडतो. पहिला महिना त्यांना जिना उतरवायचाच नाही. फिजिओ घरी बोलवा. २४ वेळा ९०० प्रमाणे २१,६००. स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा, ८०० प्रमाणे ६,४००. रुग्ण सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून दिवसपाळीचा माणूस १८,०००. हॉस्पिटल बेड आणि व्हीलचेअरचं भाडं ४,०००. एकूण ५० हजार. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ओपीडी: फिजिओ २२ वेळा ७०० प्रमाणे १५,४००, हाताच्या कामासाठी ऑक्युपेशनल थेरपी ५,६००, स्पीच ६,४००, माणूस १८,०००, रिक्षा ४,४००. महिन्याला ४९,८००. तीन महिन्यांत १०८ सेशन आणि खर्च १ लाख ४९ हजार ६००. सगळं धरून सेशनमागे १,४०० रुपयांच्या आत.

स्वस्त पडतं म्हणून मी घरच्या बाजूने बोलतोय असं समजू नका. उलट, “घरीच यूट्यूब बघून व्यायाम करून घेऊ, फिजिओचेही वाचतील” हे तुमच्या दिरांचं म्हणणं मला पॅकेजपेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. भारतातल्याच १४ रुग्णालयांत सुमारे साडेबाराशे रुग्णांवर ‘अटेंड’ नावाचा अभ्यास झाला. २०१७ साली तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. निम्म्या रुग्णांच्या घरच्यांना व्यायाम शिकवून ते घरी करून घ्यायला सांगितलं होतं, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फरक निघाला नाही. घरच्यांच्या मायेने थेरपिस्टची जागा भरून निघत नाही, एवढं त्यातून मी घेतो. दुसरीकडे उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२३ मध्ये सांगितलं की पक्षाघाताच्या रुग्णाला झेपत असेल तर आठवड्याचे किमान पाच दिवस, रोज किमान तीन तास थेरपी मिळावी. या मापाने पुण्याचं पॅकेजही कमी पडतं आणि आपली योजनाही. म्हणून ब्युरोचा माणूस ठेवताना फिजिओला त्याच्यासमोरच विचारा, “मधल्या वेळात याने काय-काय करून घ्यायचं?” ते कागदावर लिहून पलंगाशेजारी चिकटवा. १८ हजार नुसते उठवण्या-बसवण्यासाठी देऊ नका.

निवासी केंद्राला माझा सरसकट विरोध नाही. नळीने जेवण चालू असतं, पाठीला जखमा असत्या, दोन माणसांशिवाय कूस बदलता येत नसती किंवा घरात तुम्ही एकट्या असता, तर मी म्हटलं असतं, जा. तुमच्याकडे यातलं काही नाही. तरी मी डॉक्टर नाही, न्यूरॉलॉजिस्टना स्पष्ट विचारा, “यांना दाखल होऊनच थेरपी घ्यायची वैद्यकीय गरज आहे का? असेल तर किती दिवस?” ते हो म्हणाले तर १५ किंवा ३० दिवसांचेच पैसे भरा. नव्वदचे एकदम नाहीत. दर आठवड्याला पैसे घ्यायला जे केंद्र तयार होत नाही, त्याचा आपल्या कामावर कितपत भरवसा आहे, ही शंका मला नेहमी येते.

आता विम्याकडे वळू, कारण ताईंचा निर्णय खरं तर इथेच ठरतो. आपल्याकडच्या आरोग्य पॉलिसीत एक ठरावीक अपवाद असतो: केवळ विश्रांती, पुनर्वसन किंवा सांभाळण्यासाठी दाखल झालात तर खर्च मिळत नाही. म्हणजे पुण्याचे ३ लाख ९० हजार बहुतेक पूर्ण तुमच्याच खिशातून. मात्र डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांचा, साधारण ६० दिवसांचा, त्याच आजाराचा खर्च मूळ क्लेमला जोडून मागता येतो आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली फिजिओथेरपी त्यात बसू शकते. तुमच्या पॉलिसीत अजून २ लाख ६५ हजार शिल्लक आहेत, आणि साठातले ३४ दिवस. आजच न्यूरॉलॉजिस्टकडून चिठ्ठी घ्या. तिच्यावर फिजिओथेरपी, स्पीच थेरपी, आठवड्यातून किती वेळा, किती आठवडे, हे हवं. फिजिओकडून तारीखवार पावत्या घ्या, त्याच्या शिक्क्यासह आणि नोंदणी क्रमांकासह. “महिन्याचे मिळाले” अशी एकच चिठ्ठी क्लेमवाले परत पाठवतात. पैसे यूपीआयने द्या. आयाचे पैसे मिळणार नाहीत, तो नाद सोडा. कंपनीच्या पॉलिसीत किती दिवस आहेत आणि फिजिओला वेगळी मर्यादा आहे का, हे एचआरला ईमेलवर विचारा, तोंडी नको.

आणि हीच पॉलिसी नोकरीबरोबर जाते. राजीनामा दिला की बहुतेक ग्रुप पॉलिसींचं संरक्षण नोकरीच्या शेवटच्या दिवसाबरोबर संपतं. नव्याने स्वतःची पॉलिसी घ्यायला गेलात तर पक्षाघात झालेल्या माणसाला ती सहज मिळत नाही. दुसऱ्या झटक्याचा धोका ज्या काळात जास्त, त्याच काळात तुम्ही उघड्यावर याल. आणखी एक: ईपीएसमध्ये, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेत, कायमचं पूर्ण अपंगत्व आलेल्या सभासदासाठी वेगळं पेन्शन आहे, पण ते अपंगत्व नोकरीत असताना आलेलं असावं लागतं. ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं लिहून सही केली की पुढे भांडायला जागा उरत नाही. आधी हक्काची रजा, मग आजारपणाची, मग अर्धपगारी, मग बिनपगारी. प्रत्येक अर्ज लेखी, सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र. ग्रॅच्युइटी कुठे पळून जात नाही. पीएफमधून आजारपणासाठी उचल नोकरीत राहूनही घेता येते.

तुमच्या पत्रात एक ओळ ओझरती आली आहे: गृहकर्ज घेताना बँकेने एक पॉलिसी गळ्यात मारली होती आणि ती कपाटात पडून आहे. ती काढा. अशा पॉलिसीत बरेचदा गंभीर आजाराचं संरक्षण असतं आणि पक्षाघात त्यातल्या ठरावीक आजारांपैकी एक. अट अशी, की मज्जासंस्थेतला दोष किमान तीन महिने टिकलेला आणि कायमचा असल्याचा वैद्यकीय पुरावा हवा. काही तासांत ओसरणारा छोटा झटका चालत नाही. त्यामुळे क्लेमचं घोडं तीन महिन्यांनंतरच पुढे सरकतं, पण कळवायची मुदत आधीच संपू शकते. या आठवड्यात लेखी कळवून ठेवा. सीटी, एमआरआय, डिस्चार्ज कार्ड जपा, आणि तीन महिने झाले की न्यूरॉलॉजिस्टकडून आहे ती स्थिती तपशीलाने लिहून घ्या: हातात किती ताकद, बोलणं कसं. हा क्लेम बसला तर कदाचित हप्त्याचाच प्रश्न सुटेल. एफडी की सोनं यापेक्षा हे कपाट आधी उघडायला हवं होतं.

दीड लाख कुठून? बचत खात्यात ९० हजार आहेत. त्यातले ४० वापरा, बाकीच्यांना हात लावू नका. एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. साधारण ९० टक्क्यांपर्यंत मिळतो, व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त आणि तेही जेवढे वापराल तेवढ्यावरच. क्लेमचे पैसे आले की त्यात भरा. त्याच एफडीतून जूनमध्ये मुलीची फी जायची आहे, ती वाट मोकळी राहते. तुमच्या पीपीएफला नववं वर्ष चालू आहे, तिथून काही रक्कम करमुक्त काढता येईल; तो दुसरा टप्पा. सोनं विकायचं नाही. फारच अडलं तर गहाण.

कराचं थोडक्यात. जुनी करप्रणाली घेतलेली असेल तरच उपयोग: ठरावीक आजारांच्या उपचारखर्चावर करात वजावट देणाऱ्या, १९६१च्या प्राप्तिकर कायद्यातल्या ८०डीडीबी कलमाच्या यादीत पक्षाघात नावाने नाही, पण वाचा जाणं, म्हणजे अफेझिया आहे, अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर. अपंगत्वाचं प्रमाणपत्र सिव्हिल हॉस्पिटलमधून मिळतं, त्यासाठी यूडीआयडीच्या, म्हणजे अपंगांच्या ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवर अर्ज. न्यूरोच्या पेशंटची तपासणी झटक्यानंतर सहा महिन्यांनी होते, म्हणून आत्ता धावपळ नको. दुसरं मत किंवा पायाचा स्प्लिंट (आधाराची पट्टी) हवा असेल तर मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची. एक फेरी वाया जाणार नाही. बीपीच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांत खंड पडू देऊ नका. डॉक्टरांना विचारून जनऔषधीतून घेतल्या तर महिन्याचं बिल बरंच उतरेल.

सासूबाईंना दुखवू नका. बुटाटीला पैसे फारसे लागणार नाहीत, पण जाऊन-येऊन दहा दिवस थेरपी बुडेल, आणि आत्ता दिवसच महाग आहेत. चौथ्या महिन्यात जाऊ म्हणून सांगा.

राहिला दुसरा मजला. ओपीडीला न्यायला आठवड्यातून पाच वेळा खुर्चीवर बसवून दोघांनी उतरवायचं, परत चढवायचं. ब्युरोचा एक माणूस ते करणार नाही आणि तुम्ही करू नका. कंबर गेली तर दुसरा पेशंट तयार. सोसायटीच्या वॉचमनशी आणि एखाद्या तरुण मुलाशी महिन्याचं ठरवा, किंवा जवळपास तळमजल्यावर सहा महिन्यांसाठी खोली मिळते का बघा. दहा-अकरा हजार भाडं धरलं तरी सहा महिन्यांचे साठ-पासष्ट हजार होतात, पॅकेजच्या सहाव्या हिश्शाच्या आसपास. संडासात कमोड, भिंतीला दोन दांड्या आणि घसरणार नाही अशी फरशी करून घ्या. कमोडवरून एकट्याने उठता आलं की ब्युरोच्या माणसाचे तास निम्मे करता येतील.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी फिजिओकडून लेखी मोजमाप घ्या: किती पावलं, कोणत्या आधाराने, हाताने पेला उचलतात का. सुधारणा थांबलेली असेल आणि न्यूरॉलॉजिस्टनाही दाखल करणं योग्य वाटत असेल, तर तेव्हा पुण्याला ३० दिवसांसाठी विचारा. तोवर एफडी तशीच असेल, आणि गंभीर आजाराच्या क्लेमचं काय होतंय तेही कळलेलं असेल.