जुनी स्प्लेंडर सिग्नलला बंद पडते, कार्बोरेटर घरी ट्यून करता येईल का?

वडिलांची २००१ ची स्प्लेंडर, सगळं कंपनी फिटिंग. मेकॅनिक स्क्रू फिरवून देतो आणि आठवड्याभरात ती परत सिग्नलला बंद पडते, असं तुम्ही लिहिलंय. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग, त्याचं ट्यूनिंग घरी नक्की करता येतं. पण एअर स्क्रूला (मिश्रणातलं हवेचं प्रमाण ठरवणारा स्क्रू) स्प्रिंग असते, तो सहसा आपोआप फिरत नाही. सेटिंग दर आठवड्याला बिघडतंय म्हणजे दोष दुसरीकडे आहे आणि स्क्रू फिरवून तो फक्त झाकला जातोय.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो. एका जुलैत माझीही गाडी तीन हात नाक्याला रोज बंद पडायची. तीनदा स्क्रू फिरवून घेतला. शेवटी कार्बोरेटरच्या बाउलखालचा (खालची पेट्रोल साठवणारी वाटी) ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं, तर तळाशी पाण्याचे थेंब वेगळे दिसले. टाकीच्या झाकणाचं रबर कडक झालं होतं आणि रात्रभर गाडी पावसात उभी. रबर बदललं, टाकी आणि बाउल साफ केला, त्यानंतर स्क्रूला हात लावावा लागला नाही. म्हणून तुम्हीही सुरुवात तिथूनच करा. गाडी थंड असताना, मोकळ्या जागेत, आसपास कोणी विडी-सिगारेट ओढत नाही हे बघून.

मग एअर फिल्टर बघा. घोडबंदर रोडची धूळ रोज खाणाऱ्या गाडीचा फिल्टर लवकर चोंदतो. टॅपेटही, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची फट, तपासून घ्या.

आता इंजिन गरम असताना चोक अर्धा लावून बघा, तो हवा कमी करतो. स्लो (अॅक्सिलरेटर न देता इंजिन चालू राहतं तो वेग) सुधारला तर पेट्रोल कमी पडतंय: स्लो जेट, म्हणजे स्लोवर पेट्रोल देणारी बारीक भोकाची नळी, चोंदलाय, किंवा कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधून हवा आत येतेय. अॅक्सिलरेटर सोडल्यावर आवाज पटकन खाली येत नसेल तर हवेचाच संशय जास्त, तिथली ओ-रिंग (सांधा बंद करणारी रबराची गोल चकती) बदला. स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. त्यात तार किंवा टाचणी कधीच घालू नका. भोक एकदा मोठं झालं की तो जेट गेला. क्लीनर स्प्रे आणि हवेचा फवारा पुरतो.

एवढं झाल्यावरच स्क्रू. माजिवड्याहून कासारवडवलीपर्यंत जाऊन या, म्हणजे इंजिन नीट तापेल. इंजिन बंद करून एअर स्क्रू हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवा, फेऱ्या मोजा आणि आकडा लिहून ठेवा. आवळू नका, टोक खराब होतं. मग साधारण दोन फेऱ्या बाहेर. गाडी चालू करून स्लोच्या वेगळ्या स्क्रूने स्लो जरा वाढवा आणि एअर स्क्रू पाव-पाव फेरी फिरवत, दर वेळी थोडं थांबून ऐका. जिथे आवाज सगळ्यात चढा आणि एकसारखा लागतो, ती जागा. आता स्लो खाली आणा आणि पुन्हा एकदा तसंच करा. स्लो साधारण १४०० आरपीएम असावा, पण या गाडीला मीटर नाही, तेव्हा कानावरच भरवसा. अॅक्सिलरेटर झटकन दिल्यावर गाडी घुटमळली नाही पाहिजे. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, आवाज चढला तर केबल ताणलेली आहे.

मेन जेट (जास्त अॅक्सिलरेटर दिल्यावर पेट्रोल देणारा जेट) मोठा घाला असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. सायलेन्सर आणि फिल्टर मूळचेच आहेत, ठाणे समुद्रसपाटीलगत आहे आणि स्लोवर मेन जेटचा संबंधही जवळपास नसतो. एक फरक मात्र खरा आहे: आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण थोडं लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर ते सांभाळून घेतो, कार्बोरेटर घेत नाही. म्हणून स्क्रूची जागा जुन्या आकड्यापेक्षा थोडी वेगळी आली तर घाबरू नका.

आठवडाभर चालवून प्लग काढा. टोक कॉफीच्या रंगाचं असेल तर बरोबर, काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरंफटक म्हणजे कमी. आणि बाटलीत पाणी निघालं का, ते खाली कमेंटमध्ये जरूर लिहा, म्हणजे पुढचं सांगता येईल.