घरात खिडकीपाशी रताळ्याचा वेल लावता येतो का? त्याला रताळी धरतात का?

तुमची अडचण मला कळली ती अशी: भाड्याचा फ्लॅट, बाल्कनी नाही, हॉलला पूर्वेची एकच खिडकी. व्हिडिओत बघून रताळ्याला टूथपिक टोचून ते ग्लासात टांगलंत. पंधरा दिवस झाले, कोंबाचा पत्ता नाही आणि पाण्याला वास यायला लागलाय.

ते रताळं आजच टाकून द्या. पाण्याला वास आला म्हणजे बूड कुजलं. कुजका भाग कापून उरलेलं उकडावं असंही मनात आणू नका. बुरशी धरलेलं रताळं कडू होतं, आणि त्यात जे काही तयार होतं ते शिजवूनही जात नाही. नुसते कोंब आलेलं टणक रताळं मात्र बिनघोर खा, हिरव्या पडलेल्या बटाट्यासारखी त्यात भानगड नसते.

आता मूळ प्रश्न. वेल येतो, आणि असा येतो की पडद्याच्या दांडीला विळखे घालतो. रताळी मात्र खिडकीच्या आतल्या बाजूला धरत नाहीत म्हटलं तरी चालेल. माझं माहेर कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातलं. आमच्याकडे रताळी ही हौस नव्हे, पीक आहे. पावसाच्या तोंडाला वेल लागतात आणि काढलेली पोती बेळगावच्या मार्केटला जातात. त्यामुळे डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर एका कुंडीत आपल्याला रताळं येऊ नये, हा मला अपमानच वाटला होता. पहिल्या वर्षी हॉलमध्ये, तुमच्यासारख्याच पूर्वेच्या खिडकीत, वेल अडीच मीटर गेला. पाच महिन्यांनी मोठ्या अपेक्षेने कुंडी उलटी केली तर करंगळीएवढी चार मुळं. आबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, पानाला ऊन नाही तर खाली साखर कुठनं भरणार?"

मुद्दा तेवढाच आहे. पूर्वेच्या खिडकीत सकाळचं दोन-अडीच तास ऊन येतं. तेवढ्यात वेल स्वतःची पानं पोसतो, पण साठवायला काही उरत नाही. मुळं फुगायची तर रोजचं निदान सहा तास थेट ऊन हवं. दिवे लावून ते करता येतं, पण त्या विजेच्या पैशात तुम्ही वर्षभराची रताळी विकत घ्याल.

ग्लासात काय चुकलं असेल, तेही सांगते. बटाट्यासारखे याला डोळे का नाहीत असं तुम्ही विचारलंय, त्यातच उत्तर आहे. बटाटा हे जमिनीत वाढलेलं खोड, म्हणून त्याच्या अंगभर डोळे. रताळं हे फुगलेलं मूळ. त्याला तयार डोळे नसतात. ऊब आणि ओल मिळाली की सालीखाली नवे कोंब तयार होतात, आणि ते बहुतेक एकाच टोकाला, जिथून ते वेलाला लागलेलं होतं तिथे. ते टोक पाण्यात बुडालं की संपलं. पण बाजारातल्या रताळ्याची दोन्ही टोकं छाटलेली असतात, मग वर कुठलं आणि खाली कुठलं हे भल्याभल्यांना ओळखता येत नाही. शिवाय तुमचं रताळं आधी फ्रीजमध्ये होतं का? 10 अंशांच्या खालच्या थंडीत ते आतून बिघडतं आणि बाहेरून ठणठणीत दिसत राहतं.

(नावाची एक गंमत. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि मुळात कॅरिबियन बेटांवर तो रताळ्याचा होता. शास्त्रीय नावात अजूनही रताळंच 'बटाटास' आहे. नाव बटाट्याने पळवलं. नात्याने मात्र दोघं परकी: बटाटा वांग्या-टोमॅटोच्या घरातला, आणि आपलं उपासाचं रताळं चक्क बेशरमीच्या कुळातलं. फुलं शेजारी धरून बघा, तोच भोंगा, तोच फिका जांभळा रंग.)

म्हणून कोंबासाठी ग्लास नको. मी मिठाईचा चपटा प्लॅस्टिकचा डबा घेते, तळाला तापल्या खिळ्याने पाच-सहा भोकं पाडते, त्यात वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं निम्मं. रताळं त्यात आडवं झोपवायचं, पाठ जेमतेम उघडी राहील असं. आडवं ठेवलं की वरच्या-खालच्या टोकाचा वादच मिटतो. ओल किती? मुठीत दाबल्यावर पाणी गळू नये, पण तळहाताला ओलसर लागावं. डबा फ्रीजच्या डोक्यावर ठेवते, तिथे उबदार असतं. या टप्प्याला ऊन लागत नाही.

मग विसरून जायचं. साधारण तिसऱ्या आठवड्यात सालीवर मोहरीएवढ्या जांभळट पुळ्या दिसतात. पहिल्यांदा मला ती कीडच वाटली होती, नखाने खरवडून काढणार होते. दोन दिवसांत त्या पुळ्यांना टोक येतं आणि मग चिमुकली, मिटलेली, वांगी रंगाची पानं. आता डबा खिडकीत. एका रताळ्यातून आठ-दहा कोंब सहज निघतात. थंडीत हेच काम दीड महिना रेंगाळतं.

कोंब वीतभर झाले की बुडाशी चिमटीत धरून हलकं पिळायचं, अलगद सुटतात. पांढरा चीक येईल. तो बोटांवर काळा पडतो आणि साबणाला दाद देत नाही, थोडं खोबरेल चोळा. खालची पानं काढून हे कोंब पाण्यात उभे करा. ग्लास लागतो तो इथे! चार-पाच दिवसांत प्रत्येक पेरापासून पांढरी मुळं सुटतात. आमच्या गावी हा सगळा खटाटोप कोणी करत नाही. विहिरीजवळ उन्हाळाभर थोडे वेल जगवून ठेवतात आणि त्यांच्या शेंड्यांचे फूटभर तुकडे सरळ वरंब्यावर लावतात. कोणाकडे वेल असेल तर तुम्हीही तेच करा, महिना वाचेल.

पाण्यात मुळं फुटायची वाट बघताना डासांकडे लक्ष ठेवा. डेंगीचा डास असल्याच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला, ग्लास आतून घासून घ्या आणि तोंडाशी कापूस खोचा. पावसाळ्यात पालिकेची माणसं घरात येऊन कुंड्यांखालच्या ताटल्या बघतात, त्यांच्यासमोर लाज नको.

पुढचं दोन वाटांनी जातं, आणि तुमच्या घराला पहिलीच वाट शोभेल असं माझं मत आहे: पाल्यासाठी आणि नुसता बघायला वेल. त्याला आठ-दहा इंची कुंडी पुरते, पूर्वेचं ऊन पुरतं. हवा तर हँगिंग कुंडीत सोडा. शेंडे खुडत राहिलात की वेल लांब न जाता भरतो, आणि खुडलेले शेंडे भाजीला होतात. हो, रताळ्याचा पाला खातात. फिलिपीन्समध्ये, तैवानमध्ये ती रोजची भाजी आहे. (बटाट्याचा पाला मात्र विषारी, गल्लत करू नका.) मी कोवळी पानं आणि शेंडे घेते, देठ सोलत नाही, लसूण आणि सुकी मिरची फोडणीला, वरून दाण्याचं कूट. शिजल्यावर पालकाइतकी मऊ होत नाही, थोडी बुळबुळीत लागते. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी बेताने खावी, पालकाला लावतो तोच नियम. सासूबाईंनी पहिल्यांदा ताटात बघून विचारलं, "रताळं उपासाला चालतं, मग हे चालेल का?" आमच्या घरात त्यावर अजून एकमत नाही.

दुसरी वाट रताळ्यांची. ती मी दुसऱ्या वर्षी केली, पण घराच्या आत नाही, बेडरूमच्या दक्षिणेच्या खिडकीला बाहेर जी लोखंडी ग्रिल काढलेली आहे तिच्यात. 20 लिटरची ग्रो बॅग, तिच्यात एकच रोप. माती निम्मी, बाकी वाळू, कोकोपीट आणि मूठ-दोन मूठ गांडूळखत. खत यापेक्षा जास्त नको. नत्र वाढलं की पाल्याचं जंगल होतं आणि खाली काहीच नाही. मी चुलीतली राख गावाहून आणून मूठभर टाकली होती, पालाशसाठी. कोंब उभा खोचू नका, तिरपा लावा, दोन-तीन पेरं मातीत जातील असा. पाणी वरची बोटभर माती कोरडी झाली की द्यायचं. काढायच्या आधीचे दोन-तीन आठवडे हात आखडता घ्यायचा, नाहीतर रताळी तडकतात.

एक सांगायचं राहिलं. ओली बॅग 20-25 किलो भरते. तुम्ही भाडेकरू आहात, घरमालकाला विचारल्याशिवाय आणि ग्रिलचे बोल्ट तपासल्याशिवाय ती बाहेर ठेवू नका. आणि खाली पसरट ताट हवंच. आमच्या मातीचं लाल पाणी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीवर गेलं, त्यानंतरचा आठवडा मी जिन्याने उतरताना चप्पल हातात घेऊन उतरत होते. ताटातलं पाणीही रोज ओतून द्यायचं, डासांचं वर सांगितलंच आहे.

त्या बॅगेतून तीन रताळी निघाली, सगळी मिळून साडेसहाशे ग्रॅम. शेतकऱ्याच्या पोरीने मिरवावं असं काही नाही, पण मी फोटो काढून आबांना पाठवला. वेलाचा एक फाटा शेजारच्या कढीपत्त्याच्या कुंडीत शिरून तिथेही मुळं धरून बसला होता. शेतात म्हणूनच वेल परततात, उचलून दुसऱ्या अंगावर टाकतात, नाहीतर जिथे पेर टेकेल तिथे ते घर करतं. त्या फाट्याने कढीपत्त्याचं खत खाल्लं आणि बदल्यात दिलं काहीच नाही.

काढल्या काढल्या शिजवू नका. ताजं रताळं पिठूळ आणि फिकं लागतं. आठ-दहा दिवस सावलीत, हवेशीर पण उबदार जागी, न धुता ठेवलं की सालीवरच्या जखमा भरतात आणि गोडी चढते.

कीड म्हणाल तर शेतात सोंड्या भुंगा हा खरा शत्रू, घरात तो माझ्याकडे कधी आला नाही. घरात येतो पिठ्या ढेकूण, पानाच्या मागे कापसासारखा. ओल्या फडक्याने पुसून घ्या. निंबोळी तेल मारायचं तर त्या कुंडीतला पाला काही दिवस खायचा नाही.

मुहूर्ताचं बघायचं तर आषाढी एकादशीला बाजारात रताळ्यांचे ढीग असतात, तेव्हा दोन जास्त घ्या. तेव्हा कोंबाला ऊब असते, ऑगस्टअखेर रोप मातीत जातं, आणि ऑक्टोबरपासून पाऊस सरून सूर्य दक्षिणेला कलला की दक्षिणेच्या खिडकीत ऊन पार आतपर्यंत येतं. मुळं फुगायचा काळ नेमका तोच असतो. डिसेंबरअखेर काढायला येतात. महाशिवरात्रीच्या रताळ्यांना कोंब लवकर येतात, पण वाढीचे महिने ढगाळ पावसाळ्यात जातात. पाल्यासाठी ती चालतील, रताळ्यांसाठी नाही.

घेताना मध्यम आकाराचं, टणक, आणि शक्यतो टोकं न छाटलेलं बघा. आमच्या भाजीवाल्याकडे मी असं मागते तेव्हा तो आधी रताळ्याकडे बघतो आणि मग माझ्याकडे.