एलएम३५८ लावला तर लोडसेलचा (वजनाच्या सेन्सरचा) आकडा दुपारी सरकतो. कमी नॉईजचा कोणता ऑप-अँप (बारीक सिग्नल मोठा करणारा आयसी) घेऊ?

तुमचं वर्णन असं: नागपूरच्या कळमना बाजारात संत्री तोलायला ४० किलोचा लोडसेल, ५ व्होल्ट सप्लाय, पुढे एलएम३५८, आणि सकाळी शून्यावर आणलेला आकडा दुपारपर्यंत दोन-अडीचशे ग्रॅम सरकलेला. हा नॉईज नाही, ड्रिफ्ट आहे, म्हणजे तापमानाबरोबर आकडा हळूहळू सरकणं. नॉईज असता तर आकडा जागच्या जागी थरथरला असता.

हिशोब करून बघा. २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा सेल ५ व्होल्टवर पूर्ण वजनाला १० मिलिव्होल्ट देतो. म्हणजे १० ग्रॅमला फक्त २.५ मायक्रोव्होल्ट. एलएम३५८ चा ऑफसेट (इनपुट शून्य असतानाही दिसणारा खोटा व्होल्टेज) दर अंशाला साधारण ७ मायक्रोव्होल्ट हलतो, म्हणजे २८ ग्रॅम. मे महिन्यात शेडमध्ये सकाळ-दुपारचा फरक सहज १० अंश. तुमचे अडीचशे ग्रॅम इथेच सापडले.

म्हणून ऑडिओवाला एनई५५३४ आणू नका. नॉईज दहापट कमी, पण ड्रिफ्ट जवळपास तेवढाच. ओपी०७ चा ड्रिफ्ट छान आहे, दर अंशाला साधारण अर्धा मायक्रोव्होल्ट, पण तो सिंगल ५ व्होल्टवर नीट चालत नाही; ±५ तरी द्या. ५ व्होल्टवरच राहायचं असेल तर चॉपर जातीचा (स्वतःचा ऑफसेट सतत दुरुस्त करणारा) ओपीए२१८८ घ्या: ड्रिफ्ट ०.०३ मायक्रोव्होल्ट. तो एसएमडीतच (बोर्डावर वरूनच सोल्डर होणाऱ्या रूपात) येतो, ब्रेडबोर्डसाठी अ‍ॅडाप्टर पट्टी लागेल.

जोडणी: ब्रिजच्या (लोडसेलच्या आतल्या रेझिस्टर-जोडणीच्या) दोन सिग्नल वायरी थेट आयसीतल्या दोन्ही ऑप-अँपच्या नॉन-इन्व्हर्टिंग (+) पिनांना, फीडबॅकला १०-१० किलोओहम, मध्ये एकच २०० ओहम. गेन (सिग्नल किती पट होतो तो आकडा) १०१. रेझिस्टर १ टक्का मेटल फिल्म, २५ पीपीएमचे (दर अंशाला दहा लाखांत २५ भाग बदलणारे). इथे लाख ओहमचे रेझिस्टर घातले तर त्यांचाच नॉईज ४० नॅनोव्होल्ट (दर √हर्ट्झला), मग महाग आयसी कशाला? एडीसीचा (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाचा) रेफरन्स ब्रिजच्याच ५ व्होल्टवरून घ्या, सप्लाय हलला तरी वजन हलणार नाही. (नुसतं वजनच हवं असेल तर खरं म्हणजे एचएक्स७११ (लोडसेलसाठीच बनलेला अँप्लिफायर-एडीसी आयसी) लावून मोकळे व्हा.)

आता शेडमध्ये कूलर असेल तर त्याचं. त्याचा झोत बोर्डावर आला की आयसीचे पाय, सोल्डर आणि तांबं यांचं तापमान जागोजागी वेगळं होतं आणि प्रत्येक सांधा छोटा थर्मोकपल बनतो. चॉपरही हे काढू शकत नाही, कारण ते आयसीच्या बाहेर घडतं. बोर्डावर हलकी फुंकर मारा. आकडा पळाला आणि अर्ध्या मिनिटात परतला तर हेच कारण. बोर्ड झाकणाच्या डब्यात ठेवा, रेग्युलेटर डब्याबाहेर.

बाजारातला स्वस्त ओपी०७ लावण्याआधी तपासा: ±५ व्होल्ट, नॉन-इन्व्हर्टिंग इनपुट ग्राउंडला, १०० ओहम आणि १ लाख ओहम लावून गेन १००१. आउटपुटला जेवढे मिलिव्होल्ट, तेवढे मायक्रोव्होल्ट ऑफसेट. दीडशेच्या आत हवं. एक-दोन व्होल्ट दिसले तर आत दुसराच आयसी आहे, वर फक्त नाव छापलंय.