सही कशावर केली?

प्रश्न : माझी लेक न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला असते. ६ फेब्रुवारीला वाइतांगी कराराची सुट्टी आली की तिथे दरवर्षी वाद पेटतो म्हणे. तिथले मूळ रहिवासी माओरी; त्यांच्या सरदारांनी या करारावर स्वतः सह्या करून राज्य इंग्रजांना दिलं, मग आता तक्रार कसली? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, सह्या केल्या हे खरं. पण कशावर केल्या? कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करण्यात माझी तीस वर्षं गेली, त्यामुळे माझी नजर आधी तिथेच जाते.

४ फेब्रुवारी १८४० ला इंग्रजी मसुदा हेन्री विल्यम्स या मिशनऱ्याच्या हाती आला. त्याने आणि त्याच्या मुलाने रातोरात त्याचं माओरी केलं आणि दुसऱ्या दिवशी तेच सरदारांना वाचून दाखवलं. इंग्रजीत होतं, सरदार आपलं सार्वभौमत्व राणीला देतात. माओरीत त्या जागी आलं 'कावानातांगा'. 'कावाना' म्हणजे गव्हर्नर, त्यावरून बनवलेला शब्द. म्हणजे दिला तो गव्हर्नरचा कारभार. आणि पुढच्याच कलमात वचन आहे की जमिनी, गावं आणि सगळा ठेवा यांवर सरदारांची 'तिनो रंगातिरातांगा', म्हणजे पुरती सरदारकी, कायम राहील. हे ऐकून सही करणाऱ्याने राज्य देऊन टाकलं, असं मी तरी म्हणणार नाही.

बरं, सार्वभौमत्वासाठी माओरीत शब्द नव्हता असंही नाही. माओरी सरदारांच्याच १८३५ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ही सत्ता सांगायला 'माना' हा शब्द वापरला होता. 'तुमची माना राणीला द्या' असं वाचलं असतं, तर किती जण पुढे आले असते?

पाचशेहून अधिक सरदारांनी सह्या केल्या. त्यांतल्या इंग्रजी प्रतीवर फक्त ३९.

वेलिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात मी ते मूळ कागद पाहिले. अंधाऱ्या खोलीत ठेवलेत. मधल्या काळात सरकारी तळघरात भिजले, उंदरांनी कुरतडले. कडा पार खाल्लेल्या. पण कुणी सही म्हणून आपल्या चेहऱ्यावरच्या गोंदणाची नक्षी काढलीय, ती स्पष्ट दिसते. त्या माणसाने स्वतःचा चेहराच जामीन ठेवला होता. तिथून माझा पाय निघेना.

२०१४ मध्ये वाइतांगी न्यायाधिकरणाने, म्हणजे या कराराबद्दलच्या माओरींच्या तक्रारी तपासणाऱ्या मंडळाने, निष्कर्ष दिला की फेब्रुवारी १८४० मध्ये सही करणाऱ्या उत्तरेच्या सरदारांनी सार्वभौमत्व सोडलं नव्हतं. सरकारचं उत्तर आलं, सार्वभौमत्व राजसत्तेकडेच आहे. तुमच्या लेकीच्या कानावर पडतो तो वाद हाच.