दुहेरी आकडे, तुटकी कड आणि उंच रेघ

प्रश्न : एका नाण्यावर सालाचे आकडे दुहेरी दिसतात. साचाच दुहेरी बनला असेल, की ठसा मारताना काही हललं असेल?

उत्तर : दहापट भिंग घ्या आणि उजेड बाजूने, तिरपा पाडा. डोक्यावरचा सरळ उजेड इथे फसवतो. आता आकड्याला चिकटलेली दुसरी रेघ बघा. ती सपाट, चकचकीत, मुख्य आकड्यापेक्षा खालच्या पातळीवर पायरीसारखी असेल, तर ठसा उमटल्यावर सैल साचा किंचित सरकला आहे. सरकताना तो आकड्याची कड चेपतो, म्हणून आकडा बारीक होतो. असे नग ढिगाने सापडतात, त्यांना जादा पैसे मोजू नका.

खऱ्या ‘डबल डाय’मध्ये चूक साच्यातच असते. साचा बनवताना त्यावर हबचा, म्हणजे उठावाच्या मूळ ठशाचा, दाब दोनदा दिला गेला आणि दुसऱ्या वेळी जुळणी चुकली, तर दोन्ही प्रतिमा साच्यात उतरतात. मग दुसरी रेघही गोलसर आणि उठावाची असते, आकडा जाड दिसतो, टोकांशी बारीक खाच पडते. ती खाच दिसेपर्यंत हुरळून जायचं नाही.

तिसरा प्रकार झिजलेल्या साच्याचा. त्यात कडा फुगून पसरट होतात. अमेरिकेच्या 1955च्या एक सेंटमध्ये दोन्ही नमुने मिळतात : एकात साल आणि अक्षरं साध्या डोळ्यांनाही दुहेरी दिसतात, दुसऱ्यात झिजेमुळे फक्त शेवटचा 5 दुहेरी वाटतो. नवखे नेमके इथेच फसतात.

प्रश्न : कडेचा चंद्रकोरीएवढा तुकडा नाही. कोणी कापला असेल का?

उत्तर : आधी तुटीच्या बरोबर समोरची कड तपासा. ती पुसट असेल तर तूट टांकसाळीतलीच असण्याची शक्यता चांगली. कोऱ्या चकतीची कड उठवताना ती दोन्ही बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला धातूच नसेल, तर समोरच्या बाजूला पुरेसा दाब मिळत नाही. मात्र ही खूण प्रत्येक नगात दिसेलच असं नाही. म्हणून तुटीजवळची अक्षरंही बघा : टांकसाळीतल्या चुकीत ती तुटीकडे ओढल्यासारखी विरत जातात, नंतर कापलेल्या नाण्यात मधेच खटकन तुटतात. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर वजनही करा. तुकडा गेलेला असूनही वजन पूर्ण भरलं, तर संशय घ्या.

प्रश्न : चेहऱ्यावरून आडवी रेघ गेली आहे. ओरखडा की साच्याची भेग?

उत्तर : रेघ उंच की खोल, एवढंच बघा. भेगेत धातू शिरतो, म्हणून नाण्यावर ती उठून दिसते. ओरखडा खोल जातो आणि त्याच्या काठांवर धातू वर आलेला असतो. बघण्याआधी नाणं घासूनपुसून चकचकीत मात्र करू नका. घासल्याने नवे ओरखडे पडतात आणि किंमतही उतरते.