एमआरआयवरून गर्भाची फुप्फुसं पक्व झाली की नाही, हे कळतं का?

अंदाज येतो, खात्री नाही. फुप्फुसातला द्रव आठवड्यांगणिक वाढतो, म्हणून टी-२ प्रतिमेत (एमआरआयचा द्रव उजळ दाखवणारा प्रकार) फुप्फुसं उजळ होत जातात, तर यकृत काळपट राहतं. दोन्हींच्या उजळपणाचं गुणोत्तर काढतात. त्यासाठी मोजायची दोन्ही ठिकाणं एकाच स्लाइसवर (एका पातळ छेदाच्या प्रतिमेवर), कॉइलपासून, म्हणजे पोटावर ठेवलेल्या सिग्नल पकडणाऱ्या अँटेनापासून, साधारण सारख्या अंतरावर निवडावीत आणि मोठ्या रक्तवाहिन्या टाळाव्यात. इथेच बहुतेक आकडे फसतात: कॉइलजवळचा भाग उगाच उजळ दिसतो, आणि मशीन किंवा सेटिंग बदललं की दुसऱ्या केंद्रात ठरवलेली गुणोत्तराची मर्यादा लागू पडत नाही.

बाळ हलतं, म्हणून एका स्लाइसला सेकंदभरच घेणारे सिंगल-शॉट सिक्वेन्स वापरतात. आईला डाव्या कुशीवर झोपवता येतं. गॅडोलिनियम (प्रतिमा उठावदार करणारं इंजेक्शन) देत नाहीत.

मुळात द्रव दिसतो, सर्फॅक्टंट (जन्मानंतर फुप्फुसं उघडी ठेवणारा पदार्थ) नाही. स्पेक्ट्रोस्कोपीत (एमआरआयनेच रासायनिक घटक ओळखण्याची पद्धत) सर्फॅक्टंटमधल्या कोलीनचं शिखर शोधता येतं, पण हालचालीने ते सहज बिघडतं. एमआरआयचा खरा उपयोग फुप्फुसाचं आकारमान मोजायला, विशेषतः जन्मजात डायफ्रॅम हर्नियात (छाती-पोटामधल्या पडद्याला छिद्र असून पोटातले अवयव छातीत सरकतात तेव्हा). आणि फुप्फुस आकाराने पुरेसं असलं तरी अपक्व असू शकतं. फुप्फुसं लवकर पक्व व्हावीत म्हणून आईला द्यायच्या स्टिरॉइड इंजेक्शनचा निर्णय या गुणोत्तरावर नाही, गर्भाचे आठवडे आणि लवकर प्रसूतीची शक्यता पाहूनच होतो.