डीलर म्हणतो ‘जशी आहे तशी’ घेतली, आता बॅटरी तुमची

ताई, तुमचा मेसेज आणि जोडलेले कागद वाचले. म्हणजे सात वर्षं जुनी हायब्रिड गाडी तुम्ही सेकंडहँड डीलरकडून घेतली, जाहिरातीत ‘हायब्रिड बॅटरी टिपटॉप, फुल चेक केलेली’ असं होतं, तिसऱ्या आठवड्यात डॅशबोर्डवर लाल त्रिकोण पेटला, सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात मोठी बॅटरी गेली, आणि डीलर विक्रीच्या कागदावरची ‘गाडी जशी आहे तशी’ ही ओळ दाखवून हात वर करतोय. केस होते का विचारलंत, तर होते. पण थांबा जरा.

आधी गाडीचं वॉरंटी बुकलेट काढा. हायब्रिड बॅटरीची वॉरंटी बहुतेक वेळा वेगळी आणि जास्त वर्षांची असते, काही कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी देतात, आणि वर्षं मोजायची ती गाडी पहिल्यांदा विकली गेली तेव्हापासून. तुमची अजून आत बसत असेल तर कंपनीकडे क्लेम टाका आणि मोकळ्या व्हा, कोर्टाची पायरी चढायचीच गरज नाही. मालक बदलला की वॉरंटी गेली असं कुणी तोंडी सांगितलं तर ऐकू नका, बुकलेटमध्ये लिहिलेलं दाखव म्हणा.

आणि बॅटरी इतक्यात बदलू नका!! लोक घाईत नवीन बसवतात, जुनी भंगारात जाते, मग माझ्याकडे येतात तेव्हा हातात नुसतं बिल असतं.

आता मुद्द्याचं. बॅटरी आज खराब आहे एवढ्याने काही होत नाही, सात वर्षांची बॅटरी कधीही जाऊ शकते असं समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणणार. ती विक्रीच्या दिवशीच खराब होती आणि डीलरला ते ठाऊक होतं, हे दाखवायचंय. आणि ते तुम्ही पाठवलेल्या स्कॅनच्या प्रिंटमध्येच आहे, तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही. खाली एक ओळ आहे, ‘कोड क्लिअर केल्यापासूनचं अंतर ६४० किमी’. कोड म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने करून ठेवलेली बिघाडाची नोंद. ताबा घेतानाच्या ओडोमीटरचा तुमचा फोटो धरला तर तुम्ही गाडी चालवलीय ६१२ किमी. म्हणजे तुमच्या ताब्यात यायच्या फक्त २८ किमी आधी कुणीतरी स्कॅनर लावून मेमरी पुसली. दहा मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हला दिवा पेटला नाही यात मग नवल काय.

डीलर म्हणेल आम्ही १२ व्होल्टची छोटी बॅटरी काढली होती, तिच्यामुळे तो आकडा शून्य झाला. बऱ्याच गाड्यांत असं होतंही, म्हणून डीलरला पाठवायच्या नोटिशीतच त्या छोट्या बॅटरीचं बिल मागायचं. आणि तोवर गॅरेजमध्ये कुणालाही कोड क्लिअर करू देऊ नका, नाहीतर ही ओळ गेली.

‘जशी आहे तशी’चं खरं सांगायचं तर त्या ओळीला वजन आहे. माल विक्री कायदा १९३० च्या कलम १६ मध्ये अशा मालाचा धंदा करणाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विक्रीयोग्य असलाच पाहिजे असं आहे, पण कलम ६२ प्रमाणे दोघांनी ठरवून अशी गृहीत अट बाजूला ठेवता येते. फसवणूक मात्र त्या ओळीखाली झाकली जात नाही. करार कायदा १८७२ चं कलम १७ बघा, माहीत असलेली गोष्ट मुद्दाम लपवणं म्हणजे फसवणूकच. ‘नीट तपासून का घेतली नाही’ हा प्रश्न तुम्हाला विचारतीलच, आणि खरं तर सर्व्हिस सेंटरला नेऊन बॅटरीच्या प्रत्येक ब्लॉकचं व्होल्टेज बघायला हवं होतं तुम्ही, पण गप्प बसणं वेगळं आणि पुरावा पुसणं वेगळं, आपण या दुसऱ्या मुद्द्यावर भांडायचं.

आधी स्पीड पोस्टाने नोटीस, १५ दिवसांची. दाद नाही दिली तर जिल्हा ग्राहक आयोग, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते आणि मुदत २ वर्षांची आहे. विकणारा एखादा साधा गाडीमालक असता तर आयोगात टिकणं अवघड होतं, दिवाणी कोर्टात जावं लागलं असतं, इथे धंदेवाला आहे ते बरं. फक्त गाडी घरच्या वापरासाठीच घेतलीय ना, भाड्याने लावायला नाही, हे कळवा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा, तो पुरावा म्हणून दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं, म्हणजे मोबाइल-कॉम्प्युटरवरच्या पुराव्यासाठीचं, सर्टिफिकेट लागेल.

मागणी काय करायची? सगळे पैसे परत मागता येतात, पण मी बॅटरी बदलण्याचा खर्च मुख्य ठेवेन, परतावा पर्यायी. गाडी तुम्हाला आवडलीय असं तुम्हीच लिहिलंय. तोवर दिवा पेटलेला असताना ती चालवू नका, नाहीतर बॅटरी तुम्हीच मारली म्हणायला तो मोकळा.